वाचकांचे प्रश्न : मानेच्या वरच्या मणक्यांतील जंतुसंसर्ग आणि शस्त्रक्रिया

मागील अंकात पाठीच्या मणक्यांच्या क्षयरोगाविषयी लिहिताना, हाच रोग कवटीला लागून असलेल्या मणक्यांत झाला तर त्याचा विचार निराळ्या रीतीने करावा लागतो, असे एकच वाक्य मी लिहिले होते. त्या वाक्यावर जी पत्रे आली, त्यांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहे. रुग्णांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. प्रत्यक्ष तपासणी आणि एक्स-रे, स्कॅन यांचे फोटो पाहिल्याशिवाय कोणाही रुग्णाचा अंतिम निर्णय पत्रातून देता येत नाही, हे वाचकांनी गृहीत धरावे.

प्रश्न : माझे वडील 62 वर्षांचे असून त्यांना मधुमेह आहे. आमच्या कुळागरातली कामे ते अजूनही स्वतः करतात. चतुर्थीच्या सुमारास त्यांची मान दुखू लागली. गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधताना बराच वेळ वर पाहिल्यामुळे शीर आखडली असेल, अशी आमची समजूत झाली. पुढे स्पाँडिलायटिस म्हणून गोळ्या चालू होत्या. दुखणे रात्री वाढू लागले, संध्याकाळी कणकण येऊ लागली आणि आता अंथरुणावरून उठताना ते दोन्ही हातांनी डोके धरून उठतात. एमआरआयच्या अहवालात पहिल्या व दुसऱ्या मणक्यात संसर्ग, पुढच्या बाजूस पू आणि ‘क्षयरोगाची शक्यता’ असे लिहिले आहे. हातापायांत शक्ती चांगली आहे. एका डॉक्टरांनी कॉलर घालून औषधे सुरू करू या असे सांगितले, दुसऱ्यांनी ताबडतोब शस्त्रक्रिया सुचवली. आम्ही कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : हे दोन सल्ले एकमेकांविरुद्ध वाटत असले, तरी दोन्ही डॉक्टरांच्या मनात एकच प्रश्न असणार : या ठिकाणचा सांधा सैल झाला आहे का? त्याचे उत्तर एमआरआयच्या अहवालातील ‘पू’ या शब्दात मिळत नाही. ते मिळवण्यासाठी मणक्यांची रचना थोडी समजून घ्यावी लागेल.

मानेच्या इतर मणक्यांना पुढच्या बाजूस हाडाचा भरीव ठोकळा असतो. पहिल्या मणक्याला तो नसतो. तो केवळ एक कडे आहे आणि त्यावर कवटी टेकलेली असते. दुसऱ्या मणक्यातून दातासारखे एक हाड वर येते आणि या कड्याच्या पुढल्या भागात जाऊन बसते. जात्याची वरची तळी मधल्या खिळ्याभोवती फिरावी, तसे कवटीसह हे कडे त्या हाडाभोवती फिरते, आणि मान डावी-उजवीकडे वळवण्याची सुमारे निम्मी क्षमता या एकाच सांध्यातून येते. हे दातासारखे हाड मागे सरकून मज्जारज्जूवर आदळू नये म्हणून त्याच्या मागून एक चिवट आडवा अस्थिबंध ताणलेला असतो. संसर्गाने हा अस्थिबंध कुजला, किंवा हाडाचे बूड पोखरले गेले, की डोके पुढे घसरू लागते.

स्टील या अस्थिशल्यचिकित्सकांनी 1968 मध्ये मांडलेला एक ठोकताळा आजही विद्यार्थ्यांना शिकवला जातो. पहिल्या मणक्याच्या कड्यातील एक तृतीयांश जागा दातासारख्या हाडाने व्यापलेली असते, एक तृतीयांश मज्जारज्जूने, आणि उरलेली एक तृतीयांश मोकळी असते. ही मोकळी जागा असल्यामुळेच पुष्कळ पू साठूनही आपले वडील चालत-फिरत आहेत. धोकाही तेथेच आहे, कारण ही जागा भरेपर्यंत शरीर फारशी तक्रार करत नाही आणि भरल्यानंतर एखाद्या साध्या धक्क्यानेही हातपाय लुळे पडू शकतात. श्वासाच्या स्नायूंकडे जाणारे संदेश याच मार्गाने खाली उतरत असल्याने श्वास थांबण्याचीही भीती असते. डोके हातांनी सावरून उठणे हे या आजाराचे जुने, ओळखीचे लक्षण आहे. शरीर आपला सैल झालेला सांधा स्वतःच धरून ठेवत असते. स्पाँडिलायटिसचा रुग्ण सहसा असे करत नाही, आणि हे लक्षण दिसले की त्याच आठवड्यात फोटो काढले पाहिजेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता निर्णयाकडे वळू. एमआरआय पू, सूज आणि मज्जारज्जू दाखवतो, परंतु हाड किती खाल्ले गेले आहे हे सीटी स्कॅनमध्ये अधिक नेमके दिसते. तो काढलेला नसल्यास काढून घ्यावा. त्यात पहिल्या मणक्याची पुढची कमान आणि दातासारखे हाड यांमधील अंतर मोजतात. प्रौढांमध्ये ते 3 मिलिमीटरपेक्षा अधिक असू नये. अंतर वाढले असेल, कडे एका बाजूस खचले असेल किंवा दातासारखे हाड कवटीच्या छिद्रात वर चढले असेल, तर सांधा अस्थिर आहे असे समजावे आणि तेव्हा शस्त्रक्रिया सुचवणाऱ्या डॉक्टरांचे म्हणणे रास्त ठरते. हाडे जागेवर असतील, मज्जारज्जू दबलेला नसेल आणि हातापायांत शक्ती असेल, तर घट्ट कॉलर आणि औषधे हा मार्ग भारतात अनेक ठिकाणी यशस्वीपणे वापरला जातो. लाइफसो या शल्यचिकित्सकांनी 1987 मध्ये या भागातील क्षयरोगाच्या तीन अवस्था वर्णिल्या, त्याही याच कसोटीवर : पहिलीत हाडाची झीज अल्प आणि सरकणे नाही, दुसरीत अस्थिबंध निकामी होऊन कडे पुढे सरकलेले, आणि तिसरीत कमान व दातासारखे हाड जवळजवळ नाहीसे झालेले.

पुवाचे आकारमान पाहून घाबरून जाऊ नये. क्षयाचा पू औषधांनी हळूहळू विरतो. मात्र घशाच्या मागील भिंतीत तो एवढा फुगला असेल की घास गिळता येत नाही, आवाज घोगरा झाला आहे किंवा उताणे झोपल्यावर श्वास कोंडतो, तर तो काढून टाकावाच लागतो आणि त्यासाठी थांबता येत नाही.

आणखी एक गोष्ट मला खटकते. अहवालातील ‘शक्यता’ हा शब्द म्हणजे निदान नव्हे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण सर्वाधिक गोव्यात, 26.4 टक्के, आढळले होते. मधुमेही व्यक्तीच्या मणक्यात क्षयाप्रमाणेच साध्या पू करणाऱ्या जंतूंचा, विशेषतः स्टॅफिलोकोकस ऑरियसचा, संसर्गही होतो आणि दोन्हींची औषधे पूर्णपणे भिन्न आहेत. तेव्हा औषध सुरू होण्यापूर्वी पुवाचा किंवा हाडाचा नमुना घेतला जाणार आहे का, हे दोन्ही डॉक्टरांना विचारावे.

तोवर कॉलर कडक प्लास्टिकची आणि हनुवटीला आधार देणारी असावी. औषधांच्या दुकानात मिळणारी स्पंजची मऊ पट्टी येथे निरुपयोगी आहे. उठताना एकदम बसते होऊ नये. आधी संपूर्ण शरीर एका कुशीवर वळवावे, मग पाय खाली सोडून हाताच्या आधाराने उठावे. सदऱ्याची बटणे लावताना बोटे अडखळणे, पायांतील चप्पल नकळत निसटणे, काळोखात चालताना तोल जाणे, लघवीला वेळ लागणे, यांपैकी काहीही दिसले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. कॉलर आणि औषधांचा मार्ग निवडला, तरी चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा फोटो काढून हाडे सरकली नाहीत ना, हे पाहणे अपरिहार्य आहे. काही ठिकाणी कॉलरऐवजी कवटीला चार पिना लावून छातीवरील जाकिटाशी जोडलेली हेलो नावाची चौकट वापरतात. ती मान उत्तम धरून ठेवते, पण मधुमेही रुग्णात पिनांच्या जागी जंतुसंसर्ग होण्याची भीती असते आणि आपल्याकडच्या घामाच्या दिवसांत ती काही महिने सोसणे सोपे नाही. या वयात सांधा खरोखरच सैल असेल, तर हेलोपेक्षा आतून स्थिर करण्याची शस्त्रक्रिया मी पसंत करीन.

प्रश्न : माझ्या काकांना ताप व मानदुखीसाठी आधी चार आठवडे निरनिराळी प्रतिजैविके दिली गेली. आता मानेच्या वरच्या भागात संसर्ग असल्याचे कळले. घेतलेल्या नमुन्यात कोणताच जंतू वाढला नाही. पुन्हा नमुना घेण्याची खरोखर गरज आहे का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : बहुधा आहे. प्रतिजैविके चालू असताना घेतलेल्या नमुन्यात जंतू न वाढणे ही नेहमीची गोष्ट आहे. त्यावरून संसर्ग नाही असे ठरत नाही. लेव्होफ्लॉक्सासिनसारखी औषधे क्षयाच्या जंतूंनाही काही काळ दाबून ठेवतात, त्यामुळे ताप उतरतो, घरच्यांना बरे वाटते आणि निदान लांबते. आपल्याकडे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळतात, हे दुर्दैव आहे. प्रकृती स्थिर असेल तर काही दिवस प्रतिजैविके थांबवून मग नमुना घेण्याचा निर्णय डॉक्टर घेऊ शकतात. रक्तात विषबाधा पसरत असेल किंवा हातापायांतील शक्ती झपाट्याने कमी होत असेल, तर अर्थातच नमुन्यासाठी औषध थांबवून ठेवत नाहीत.

नमुना घेण्यासाठी प्रत्येक वेळी मोठी शस्त्रक्रिया लागते असे नाही. सीटीच्या मार्गदर्शनाखाली सुई घालून, किंवा घशामागे पू फुगलेला असेल तर तोंडातून सुईने तो ओढून घेता येतो. कधी छातीत, गळ्याच्या गाठीत किंवा लघवीतही क्षयाचा पुरावा सापडतो आणि मानेला हात लावावाच लागत नाही. मिळालेला नमुना एकाच बाटलीत घालून एकाच प्रयोगशाळेकडे पाठवू नये, हे मात्र महत्त्वाचे. काही भाग साध्या जंतूंच्या व बुरशीच्या वाढीसाठी, काही सूक्ष्मदर्शकाखालील पेशीपरीक्षणासाठी आणि काही सीबीनॅट या क्षयाच्या जंतूंचे जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीसाठी जावा. सीबीनॅटचा निकाल सुमारे दोन तासांत कळतो आणि रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला जंतू दाद देतात की नाही, हेही त्यातच समजते. क्षयाच्या जंतूंची वाढ पाहण्याच्या चाचणीला मात्र 42 दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो. संपूर्ण नमुना फॉर्मालिनमध्ये बुडवला गेला तर जंतू मरतात आणि मग वाढीची चाचणी होऊ शकत नाही. नातेवाइकांच्या हाती नमुना सोपवला जातो, तेव्हा कोणत्या बाटलीत काय आहे, हे विचारून घेण्यात संकोच करू नये.

काकांचा गुरांशी संबंध असेल किंवा ते न तापवलेले दूध पीत असतील, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगावे. ब्रुसेला नावाचा जंतू त्या मार्गाने मणक्यात येतो आणि त्याची रक्ततपासणी मुद्दाम सांगितल्याशिवाय होत नाही.

प्रश्न : माझ्या आईच्या दुसऱ्या मणक्याचे हाड क्षयाने पोखरले असून पहिला मणका पुढे सरकला आहे. तिच्या पायांत ताठरपणा आला आहे. मानेच्या मागून स्क्रू आणि सळ्या बसवण्याची शस्त्रक्रिया ठरली आहे. जेथे पू आहे तेथेच धातू घातल्यास जंतू कायमचे घर करणार नाहीत का? पू पुढच्या बाजूस असताना शस्त्रक्रिया मागून कशासाठी? आणि तिची मान पूर्वीसारखी वळेल का?
— एक वाचिका, मडगाव

उत्तर : आपले तिन्ही प्रश्न शस्त्रक्रियेच्या मुळाशी जाणारे आहेत.

धातूविषयीची शंका अनाठायी नाही. पू करणारे काही जंतू धातूच्या पृष्ठभागावर चिकट थर तयार करतात आणि त्या थराखाली औषध नीट पोहोचत नाही. एकेकाळी याच कारणाने संसर्गाच्या जागी धातू घालणे वर्ज्य मानत. क्षयाचे जंतू मात्र सावकाश वाढतात, संख्येने कमी असतात आणि धातूला फारसे चिकटत नाहीत, असे 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात दिसून आले. पुढे जगभरच्या अनुभवानेही ते पटले. औषधे व्यवस्थित चालू असतील तर क्षयाच्या मणक्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवणे आता सर्वमान्य आहे. साध्या पू करणाऱ्या जंतूंच्या बाबतीत अधिक सावधगिरी लागते, परंतु तेथेही मृत ऊतक खरवडून काढून आणि पुरेसे दिवस शिरेतून प्रतिजैविक देऊन स्क्रू बसवले जातात. याला एक कारणही आहे. हलत्या, घासणाऱ्या हाडांमध्ये संसर्ग बरा होणे कठीण जाते, आणि हाडे स्थिर झाली की तो लवकर आटोक्यात येतो.

मागून शस्त्रक्रिया करण्याचे कारणही यातच आहे. पू प्रामुख्याने पुढे असतो, स्क्रू मागून मणक्याच्या कडेच्या भरीव भागात जातात, म्हणजे धातू सहसा संसर्गाच्या मुख्य जागेपासून दूर राहतो. पूर्वी तोंडातून, म्हणजे टाळ्यामागील घशाची भिंत उघडून, पुढचे कुजलेले हाड काढण्यावर पुष्कळ भर होता. तो मार्ग आजही आहे, पण त्यात जखम तोंडातील असंख्य जंतूंच्या सान्निध्यात राहते, काही दिवस नाकातील नळीतून अन्न द्यावे लागते आणि मज्जारज्जूभोवतालचे आवरण फाटल्यास त्यातील द्रव घशात गळण्याचा धोका असतो. म्हणून सरकलेला मणका मागून जागेवर आणून पक्का केला आणि औषधे दिली, तर पुढचा पू व सूज आपोआप विरते, असा दृष्टिकोन अनेकांनी स्वीकारला आहे. मणका जागेवर येतच नसेल किंवा पुढचे हाड मज्जारज्जूत रुतून बसले असेल, तेव्हा तोंडातून जाणे भाग पडते. आईच्या बाबतीत केवळ मागून काम होईल की दोन्ही बाजूंनी, हे आधी कवटीला वजन लावून मान ताणल्यावर मणका सरकतो का, यावरून बरेचसे ठरते. हे ताणणे दोन-तीन किलोंपासून सुरू करून, पुन:पुन्हा हातापायांची शक्ती तपासत केले जाते.

पहिल्या आणि दुसऱ्या मणक्याला स्वतंत्र स्क्रू लावून जोडण्याची जी पद्धत आज जगभर वापरली जाते, तिचा आरंभ मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. अतुल गोयल यांनी 1988 मध्ये केला आणि 1994 मध्ये ती प्रसिद्ध केली. पुढे 2001 मध्ये जर्मनीतील शल्यचिकित्सक हार्म्स यांनी गोयल यांच्या पद्धतीतील धातूच्या पट्टीऐवजी सळ्या आणि माथा फिरणारे स्क्रू वापरून तिचे सुधारित रूप मांडले. त्याआधी मणक्यांच्या कमानी तारांनी बांधत, परंतु कमानच कुजलेली असेल तर तार कशाला बांधणार? या शस्त्रक्रियेत खरी जोखीम असते ती मेंदूकडे रक्त नेणाऱ्या रोहिणीची. ती याच दोन मणक्यांतून नागमोडी जाते आणि तिची वाट प्रत्येकात थोडी निराळी असते. म्हणून आधी रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन केला जातो. तो झाला आहे का, हे आपण विचारावे. दुसरी काळजी भूल देतानाची : अशा रुग्णाची मान मागे करून नळी घालता येत नाही, ती लवचीक दुर्बिणीच्या साहाय्याने, कधी रुग्ण जागा असतानाच, घालावी लागते. मणक्याच्या शस्त्रक्रियेतील भूलतज्ज्ञ कोण आहेत, हा प्रश्न शल्यचिकित्सक कोण आहेत या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे, आणि तो फार थोडे नातेवाईक विचारतात.

स्क्रू आणि सळ्या ही तात्पुरती सोय असते. कायमचा जोड हाडाचा. त्यासाठी बहुधा कमरेच्या हाडाचा तुकडा काढून मणक्यांमध्ये ठेवतात, आणि पुष्कळ रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर मानेपेक्षा कमरेची जखमच जास्त दुखते.

मान पूर्वीइतकी वळणार नाही, हे आधीच स्वीकारावे. दोनच मणके जोडले तर डावी-उजवीकडे वळण्याची सुमारे निम्मी क्षमता जाते. ती उणीव काही अंशी खालचे मणके भरून काढतात. पहिला मणका निरुपयोगी झाल्यामुळे जोड कवटीपर्यंत न्यावा लागला, तर होकार देताना डोके हलवण्याची क्रियाही बरीच कमी होते. अशा वेळी डोके कोणत्या कोनात पक्के केले जाते, याला फार महत्त्व आहे. ते किंचित जास्त खाली झुकले तर रुग्णाला गिळताना त्रास होतो आणि समोर पाहायला पाठ ताणावी लागते. पायांतील ताठरपणा किती कमी होईल, हे तो किती दिवसांपासून आहे यावर अवलंबून आहे. काही आठवड्यांचा असेल तर आशा चांगली आहे, म्हणूनच ठरलेली तारीख घरगुती अडचणींसाठी पुढे ढकलू नये. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड असल्यास ते दाखल होतानाच द्यावे, मागाहून धावपळ होते.

प्रश्न : आमच्या आठ वर्षांच्या मुलाला घसा दुखून ताप आला. ताप उतरल्यावर त्याची मान एका बाजूला वाकडी झाली, ती पाच दिवस तशीच आहे. आजी तेल लावून सरळ करू म्हणते. त्याला मणक्याचा क्षय असेल का?
— एक शिक्षिका, साखळी

उत्तर : तेल लावायला हरकत नाही, पण मान सरळ करण्यासाठी कोणीही जोर लावू नये. घशाच्या संसर्गानंतर किंवा टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर लहान मुलांत पहिला मणका दुसऱ्यावर तिरका अडकून बसतो. ग्रिसेल या फ्रेंच वैद्यांनी 1930 मध्ये वर्णिलेला हा विकार त्यांच्याच नावाने ओळखला जातो. घशातील शिरांचे जाळे मणक्याभोवतालच्या शिरांना मिळालेले असते, त्यातून दाह पसरून मुळातच सैल असलेले मुलांचे अस्थिबंध आणखी ढिले पडतात. क्षय असण्याची शक्यता कमी आहे, परंतु घशामागे पू साठला नाही ना, हे पाहावेच लागेल.

पहिल्या आठवड्यात निदान झाले तर बहुतेक मुले विश्रांती, कॉलर, दाह कमी करणारी औषधे आणि प्रतिजैविके यांनी बरी होतात. आठवडा उलटल्यावर रुग्णालयात ठेवून मान हलकेच ताणावी लागते. महिना उलटला तर मणका तिरकाच आखडून बसतो आणि मग शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. आपल्या पत्रात पाच दिवस म्हटले आहे. हा अंक हाती पडेपर्यंत ते वाढलेले असतील, म्हणून संपादकांमार्फत आपल्याला आधीच कळवले आहे.

प्रश्न : सलूनमध्ये केस कापल्यावर मान दोन्ही बाजूंना झटक्याने मोडून घेण्याची मला सवय आहे. त्यामुळे असा संसर्ग होतो का?
— एक वाचक, पेडणे

उत्तर : संसर्ग होत नाही. परंतु आतून पोखरलेल्या मणक्यावर असा झटका बसला तर त्याच खुर्चीवर हातपाय जाऊ शकतात, आणि मणका पोखरलेला आहे हे ना आपल्याला ठाऊक असते, ना न्हाव्याला. निरोगी मानेतही अशा झटक्याने रोहिणीच्या आतल्या अस्तराला चीर पडून पक्षाघात झाल्याची उदाहरणे आहेत. सवय सोडावी.

प्रश्न : मानेच्या क्षयासाठी दीड महिन्यापूर्वी माझी शस्त्रक्रिया झाली. दुखणे थांबले आहे. गोळ्या किती दिवस घ्यायच्या? पोट बिघडत असल्याने मध्ये काही दिवस बंद केल्या होत्या. स्कूटर कधी चालवता येईल? आणि मासे खाल्ले तर चालतील का? घरी प्रत्येक जण वेगळे सांगतो.
— एक वाचक, काणकोण

उत्तर : गोळ्या बंद केल्या होत्या, हे आपल्या डॉक्टरांना आजच सांगावे. शस्त्रक्रियेने आपला मणका स्थिर झाला आहे. जंतू मारण्याचे काम गोळ्यांचेच आहे आणि ते जेमतेम सुरू झाले आहे. मध्येच खंड पडला तर उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात. मणक्याच्या क्षयासाठी भारतातील 2016 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार साधारणपणे 12 महिने उपचार घ्यायचे असतात : पहिले दोन महिने चार औषधे, पुढील दहा महिने तीन. गरजेनुसार डॉक्टर तो काळ वाढवतात. ही औषधे सरकारी केंद्रात विनामूल्य मिळतात, आणि निक्षय या सरकारी क्षयरुग्ण-नोंदणीत नाव असलेल्या रुग्णाला पोषणासाठी मिळणारी मासिक रक्कम नोव्हेंबर 2024 पासून 500 वरून 1000 रुपये झाली आहे. नोंदणी खासगी रुग्णालयातील रुग्णाचीही होते.

लघवी नारिंगी होणे हा रिफाम्पिसिनचा रंग आहे, त्याला भिऊ नये. डोळे पिवळे होणे, सतत उलट्या, लाल-हिरवा रंग ओळखताना गोंधळ, तळपायांना मुंग्या, ही लक्षणे मात्र तत्काळ सांगायची असतात. मधुमेहाच्या काही गोळ्यांचा परिणाम रिफाम्पिसिनमुळे कमी होतो, त्यामुळे साखर वाढू शकते. यकृतावर आधीच ताण असल्याने वर्षभर दारू पूर्ण वर्ज्य. काजूचा हंगाम आला तरी हुर्राकला त्यात सवलत नाही. सुरुवातीच्या काही आठवड्यांत एखाद्याचा पू कमी होण्याऐवजी वाढलेला दिसतो. तो नेहमीच औषध निष्फळ ठरल्याचा पुरावा नसतो, पण ते फोटो आणि तपासण्या पाहूनच ठरवावे लागते.

स्कूटरची घाई करू नये. हाड जुळायला साधारण तीन महिने किंवा त्याहून अधिक लागतात आणि जुळल्याची खात्री सीटी स्कॅनवर केली जाते. तोवर हेल्मेटचे वजन आणि खड्ड्यांतील धक्के, दोन्ही नकोत. पुढेही मान पूर्ण वळणार नसल्याने दोन्ही बाजूंना मोठे आरसे लावावेत आणि वळताना खांद्यासकट वळून पाहण्याची सवय करावी. बसच्या प्रवासात शक्य तो पुढच्या बाकावर बसावे.

मासे जरूर खावेत. हाड भरून येण्यासाठी प्रथिने हवीतच. एक सावधगिरी मात्र आपल्या किनाऱ्यावर विशेष लागू आहे. बांगडा आणि टूना यांसारखे मासे बर्फाविना काही तास राहिले की त्यांत हिस्टामिन नावाचे द्रव्य तयार होते आणि ते शिजवूनही जात नाही. आपल्या गोळ्यांतील आयसोनियाझिड हे औषध त्या द्रव्याचा शरीरातील निचरा मंदावते. त्यामुळे घरातील इतरांना न बाधणारा शिळा बांगडा आपल्याला बाधू शकतो. ताजा बांगडा आणून त्याच दिवशी शिजवलेला चालेल, टोपलीत दुपारपर्यंत राहिलेला घेऊ नये. खाल्ल्यावर चेहरा लाल होणे, डोके ठणकणे, छाती धडधडणे असे झाले, तर गोळ्या स्वतःहून बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. सुंगटे आणि तिसऱ्या यांच्याबाबत या कारणासाठी बंधन नाही.